नाकाची साक्ष

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांत नाकाइतकें उपेक्षित इंद्रिय दुसरें नसेल. डोळ्यांवर कवींनीं इतकें लिहिलें आहे कीं, तें सारें एकत्र वाचावयाचें म्हटलें तर डोळेच दुखूं लागतील. कानांसाठीं संगीत आहे, जिभेसाठीं पाककला आहे, त्वचेसाठीं रेशीम आणि चंदनाची उटी आहे. नाकाच्या वांट्याला आली ती चाफेकळीची एक उपमा, आणि तीहि त्याच्या आकारासाठीं. त्याच्या कामासाठीं नव्हे. भाषेनें मात्र ही उणीव भलत्याच बाजूनें भरून काढली आहे. मराठी माणसाची सारी अब्रू नाकांत सांठविलेली असते. ती गेली कीं नाक कापलें जातें. ती राखावयाची तर नाकासमोर चालावें लागतें. कष्ट फार झाले कीं नाकीं नऊ येतात. आणि शेजाऱ्याची रीतभात पसंत पडली नाहीं कीं नाक मुरडलें जातें. एवढ्या वाक्प्रचारांत नाकाचें मूळ काम, म्हणजे वास घेणें, कोठेंच नाहीं. अब्रूचा पहारेकरी म्हणून ज्याला आपण तोंडाच्या ऐन दारावर बसविलें, तो खरा पहारा कशाचा करीत असतो, आणि त्याच्या साक्षीवर किती विसंबावें, हे प्रश्न आपल्याला क्वचितच पडतात.

मला ते पडले काटोलच्या एका व्यापारी इमारतींत, भर पावसाळ्यांत.

काटोल हें नागपूरपासून सुमारें ६० किलोमीटरांवरचें, जाम नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. नागपूर-इटारसी लोहमार्गावर तें लागतें, आणि त्याचें नांव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे तें संत्र्यांमुळें. त्यामुळें परगांवच्या माणसाची अशी समजूत असते कीं, येथें बाराहि महिने संत्र्याच्या फुलांचा घमघमाट सुटलेला असावा. तो सुटतोहि, पण बागांत, आणि बहराच्या दिवसांत. गांवांत मात्र इतर गांवांसारखेच वास असतात: पहिल्या पावसाच्या मातीचा, तळणाचा, डिझेलचा आणि नालीचा. या गांवांत माझ्या पुतण्याचें शालेय पुस्तकांचें व वह्यांचें दुकान आहे. शाळेंतील नोकरींतून निवृत्त झाल्यापासून मी सकाळचे दोन तास तेथें जाऊन बसतों. इमारत दुमजली आहे. खालीं पुस्तकांच्या दुकानाखेरीज एक कृषिकेंद्र, एक कापडाचें दुकान आणि एक खानावळ. वर दंतवैद्याचा दवाखाना, शिकवणीचा वर्ग आणि विम्याचें काम पाहणारे एक गृहस्थ. जमिनीच्या उतारामुळें आमचा गाळा सर्वांत खालच्या टोंकाला आला आहे. भाडें थोडें कमी आहे, तें बहुधा त्यामुळेंच.

जुलैचा दुसरा आठवडा होता. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, आणि ज्यांवर वर्षभराच्या कमाईची भिस्त असते त्या पुस्तकांच्या व वह्यांच्या थप्प्या फळ्या भरून जमिनीपर्यंत आल्या होत्या. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. चौथ्या दिवशीं सकाळीं शटर वर केलें, तेव्हां आंत चार बोटें काळसर पाणी उभें होतें. तें पावसाचें नव्हे, हें सांगावयास डोळ्यांची गरज पडली नाहीं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यांत एक लहानसें संडास आहे. तेथून तें रात्रभर हळूहळू वर आलें होतें. खालच्या दोन फळ्यांवरचीं पुस्तकें पाणी पिऊन फुगलीं होतीं, वह्यांचे गठ्ठे एकमेकांना चिकटून बसले होते, आणि सातवीच्या भूगोलाचें एक पुस्तक दारापर्यंत तरंगत आलें होतें.

पुतण्या कांहीं वेळ नुसता उभा राहिला. मग त्यानें बाहेरच्या बाहेर विजेचा मुख्य खटका बंद केला. भरल्या पाण्यांत उभें राहून दिवा लावूं पाहणाऱ्याला मैल्यापेक्षांहि मोठा शत्रु भेटूं शकतो, हें त्याला ठाऊक होतें. त्यानंतर त्यानें वर जाऊन प्रत्येकाला नळ आणि संडास वापरूं नका म्हणून सांगितलें. हें काम पहिल्यापेक्षां अवघड ठरलें. ज्याच्या खोलींत पाणी नाहीं त्याला आपल्या नळाचा या प्रकाराशीं संबंध असेल, असें चटकन् वाटत नाहीं.

इमारतींतील मैल्याचा न्याय मोठा चमत्कारिक आहे. वरचा माणूस सांखळी ओढतो आणि त्याच्यापुरतें प्रकरण मिटतें. पाणी खालीं जातें, तेथून नळींत, नळींतून चेंबरांत, चेंबरांतून टाकींत. ही वाट कोठेंहि अडली, कीं मागें सरकणारें पाणी साऱ्या इमारतींत जें तोंड सर्वांत खालीं असेल त्यांतून बाहेर पडतें. घाण कोणीं केली आणि ती कोणाच्या घरीं प्रकट झाली, यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध राहत नाहीं. दहाच्या सुमारास सारे भाडेकरू खालीं जमले आणि खानावळ, दवाखाना, शिकवणीचीं मुलें अशी क्रमाक्रमानें एकेकावर फिर्याद झाली. खानावळवाल्यानें तेलाचा दोष नाकारला, वर्गवाल्यांनीं मुलींच्या कापडाचा नाकारला, आणि कापडवाले म्हणाले कीं, आम्ही तर दिवसांतून एकदांच हात धुतों. नंतर सब्बलीनें चेंबराचें झांकण उचकटलें, तेव्हां तेलाचा थिजलेला थर, कापडाचे बोळे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि दांत धुतलेला कापूस अशी सर्वांची मालमत्ता एकाच ठिकाणीं एकोप्यानें नांदत असलेली दिसली.

मूळ दुखणें त्याच्याहि खालीं होतें. अशा इमारतींचा मैला बंद टाकींत सांठतो. तेथें जड भाग तळाशीं बसतो, स्निग्ध भाग वर तरंगतो, आणि हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करीत राहतात. उरलेलें पाणी शेजारच्या शोषखड्ड्यांतून जमिनींत मुरावें अशी योजना असते. टाकी दोनतीन वर्षांनीं उपसावयाची असते. पण इमारतीला भाडेकरू येत-जात राहिले, आणि ती शेवटची केव्हां उपसली याची नोंद कोणाच्याच वहींत सांपडेना. त्यांत आमच्याकडची काळी माती. ती उन्हाळ्यांत भेगाळते आणि भिजली कीं फुगून असा घट्ट मिळून येते कीं, तींतून पाण्याला वाट उरत नाहीं. हें प्रथम ओळखलें तें कृषिकेंद्रवाल्या भाऊंनीं. ते बागाइतदाराच्या घरचे. म्हणाले, "संत्र्याच्या झाडाचंहि असंच असते, सर. पानं पिवळी पडली का लोकं वरून फवारा मारतात. पानी साचलेलं असते खाली, मुळाशी." काळ्या जमिनींतील बागाइतदार पावसाळ्यापूर्वीं चर खणून ठेवतो, कारण बुंध्याशीं पाणी राहिलें तर झाडाला डिंक्या लागतो, हें तो जाणतो. तोच बागाइतदार गांवांत दुकान घालतो तेव्हां जमिनीखालीं काय चाललें आहे हें विसरतो. कारण दुकानाला पानें नसतात, तीं पिवळीं पडत नाहींत.

आतां टाकी उपसणें आलें. यंत्राची गाडी बोलवावयाची, तर पावसानें सर्वत्र हीच अवस्था करून ठेवलेली असल्यामुळें ती दोन दिवस तरी येणार नव्हती. कोणीतरी एका मुकादमाला बोलावून आणलें. तो म्हणाला, "दोन पोट्टे आणतो. घंट्याभराचं काम आहे." रक्कमहि अशी सांगितली कीं, ती सात जणांत वांटली तर कोणाच्या खिशाला समजणार नाहीं. अर्ध्या तासांत दोन माणसें आलींहि. एक विशीबाविशीचा मुलगा आणि एक पन्नाशीचे गृहस्थ. अंगांत गंजीफ्राक, हातांत दोर आणि बादली. त्यांची जात कोणीं विचारली नाहीं, कारण ती सर्वांनीं गृहीत धरलेली होती.

वादाला येथून तोंड लागलें. मी आयुष्यभर शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें आहे. किपच्या उपकरणांत लोहाच्या सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु तयार करून दाखविणें हा नववी-दहावीच्या वर्गाचा ठरलेला विनोदी तास. कुजक्या अंड्यांची ती घाण सुटली कीं मुलें नाकें दाबून हंसत सुटत, आणि तो वायु ओळखण्याची खूण त्यांच्या कायमची लक्षांत राही. मैल्याच्या बंद टाकींत हाच वायु तयार होतो. दशलक्ष भाग हवेंत त्याचा एक भागहि नसेल, तरी नाकाला तो कळतो. इतका आपला पहारेकरी तिखट आहे. पण त्याचें प्रमाण दशलक्षांत शंभराच्या घरांत गेलें कीं कांहीं मिनिटांतच नाकाची जाणीव बधिर होते आणि वास येणें थांबतें. माणसाला वाटतें, हवा सुधारली. प्रमाण पांचसातशेंच्या पुढें गेलें तर तो कोसळतो, आणि हजाराच्या सुमारास एकदोन श्वासांतच कारभार आटोपतो. हा वायु हवेपेक्षां किंचित् जड असल्यामुळें खोलगट जागेंत साचून राहतो. वरचा थर काठीनें ढवळला कीं दबलेला सांठा एकदम मोकळा होतो. सोबतीला मिथेन असतो. त्याला वास नाहीं, आणि तो पेट घेतो. म्हणून कंदील सोडून हवा पाहण्याचा जुना उपाय येथें घातक आहे. अशा ठिकाणीं मृत्यु बहुधा एकटा येत नाहीं. पहिला खालीं पडतो, त्याला काढावयाला दुसरा उतरतो, त्या दोघांना हांक मारीत तिसरा. तिघांच्याहि नाकांनीं त्यांना धोक्याची सूचना दिलेली असते. ती फक्त आधीं दिलेली असते.

हें मी माझ्या शिक्षकी पद्धतीनें सांगत होतों. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर वर्गांतल्या मागच्या बांकांवरची शांतता होती. तेव्हां त्या पन्नाशीच्या गृहस्थांनीं दोर खालीं ठेवला आणि ते म्हणाले, "सर म्हनते तसंच आहे. वास येते तोवर काही भेव नाही. वास येनं बंद झाला का मग समजावं." मी चाळीस मिनिटांच्या तासांत जें सांगत असें, तें त्यांनीं दोन वाक्यांत सांगितलें; आणि माझें ज्ञान कांचेच्या नळींतून आलेलें होतें, त्यांचें कोठून आलें होतें हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

कापडवाल्यांनीं तरीहि म्हटलें कीं, आजवर हें असेंच होत आलें आहे. हें वाक्य आपल्या समाजांत पुराव्याच्या जागीं वापरतां येतें. खानावळवाल्यांचें म्हणणें त्याहून खरें होतें: दोन दिवस चूल बंद म्हणजे चार नोकरांचा पगार अंगावर. दंतवैद्य घड्याळाकडे पाहत होते. सर्वांत अधिक नुकसान ज्याचें होत होतें, तो माझा पुतण्या इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "टाकींत कोणीं उतरायचं नाहीं. दोन दिवस दुकान बंद राहील." त्याच्या आवाजांत वीरश्री नव्हती, उलट तो हिशेब करीत असावा, असें मला वाटलें. पण ज्याच्या घरांत पाणी आहे त्यानेंच थांबा म्हटल्यावर कोरड्या पायांनीं उभें असलेल्यांना घाई करणें अवघड झालें.

कायदाहि हेंच सांगतो. २०१३ साली संसदेनें केलेल्या कायद्यानें हातानें मैला साफ करविणें आणि संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत वा मैल्याच्या टाकींत उतरविणें गुन्हा ठरविलें. त्याला पहिल्याच वेळीं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं, अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ च्या मार्चमध्यें, १९९३ पासून अशा कामांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावे असा आदेश दिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें ती रक्कम तीस लाखांवर नेली. हा कायदा सरकारी गटारांपुरता आहे अशी खासगी इमारतींतील सभ्य माणसांची समजूत असते. मुंबईस गोवंडी येथें २०१९ च्या डिसेंबरांत एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकींत उतरलेले तीन मजूर गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना न्याय मिळाला तो २०२१ मध्यें, उच्च न्यायालयानें राज्य सरकारला प्रत्येकीस दहा लाख देण्यास फर्माविलें तेव्हां. ज्या संस्थांत असे प्रसंग घडतात तेथें राहणारे लोक आमच्याच सारखे असतात: वर्गणी वेळेवर देणारे, गणपति बसविणारे, मुलांना चांगल्या शाळेंत घालणारे. टाकी स्वस्तांत साफ होत आहे, एवढेंच त्यांना ठाऊक असतें.

पण त्या दिवशींचा माझा सात्त्विक आनंद फार वेळ टिकूं शकला नाहीं. उतरावयाचें नाहीं हें ठरल्यावर ते दोघे जावयास निघाले, तेव्हां त्यांच्या चेहऱ्यांवर सुटकेपेक्षां निराशा अधिक होती. रोज बुडाला होता. पुतण्यानें त्यांना थांबवून घेतलें आणि वरच्या कामावर, म्हणजे दुकानांतील गाळ काढण्यावर, त्याच मजुरीनें ठेवलें. रबरी बूट आणि हातमोजे कृषिकेंद्रांतून आले. फवारणीसाठीं ते तेथें विकावयासच असतात. बूट चढवितां चढवितां ते वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "आज तुम्ही नाही म्हनलं, सर. उद्या दुसऱ्या बिल्डिंगीत उतरा लागन." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, अजूनहि नाहीं. एका इमारतीनें दार लावून घेतलें, तर धोका फक्त पुढच्या दाराशीं जाऊन उभा राहतो.

साफसफाई आम्हीं सर्वांनीं मिळून केली, असें म्हणण्याची पद्धत आहे. खरें सांगावयाचें तर पुतण्या, त्याची पत्नी, ते दोघे मजूर, कृषिकेंद्रवाले भाऊ, शिकवणीचीं दोन मोठीं मुलें आणि मी, एवढ्यांनीं ती केली. कापडवाल्यांनीं चहा पाठविला. या कामाचें एक शास्त्र आहे आणि तें उलट्या क्रमानें करण्याकडे माणसाचा ओढा असतो. प्रत्येकाच्या मनांत पहिली गोष्ट येते ती ब्लीचिंग पावडर. ती भुरभुरावी, तिचा दर्प सुटावा आणि काम झालें असें वाटावें. परंतु क्लोरीनला घाण आणि जंतु यांतला भेद कळत नाहीं. गाळावर टाकलेली पावडर गाळाशींच झुंजून संपते आणि जंतु जागच्या जागीं राहतात. म्हणून प्रथम फावड्यानें आणि घमेल्यानें गाळ काढावयाचा, नंतर साबणाच्या पाण्यानें घांसून धुवावयाचें, आणि सर्वांत शेवटीं पावडरीचें पाणी पसरून कांहीं वेळ तसेंच राहूं द्यावयाचें. संडासासाठीं जें आम्ल वापरतात तें आणि ही पावडर यांची गांठ कधीं घालावयाची नाहीं. त्यांतून क्लोरीन वायु सुटतो, आणि एका विषापासून वांचलेला माणूस दुसऱ्याच्या तावडींत सांपडतो. शेवटीं सारें कोरडें करावयाचें, आणि तें दोन दिवसांच्या आंत. नाहींतर भिंतींवर बुरशी धरते.

टाकावयाचें काय आणि ठेवावयाचें काय, हा त्यांतील कठीण भाग. लोखंड, फरशी, चिनीमाती धुऊन घेतां येते. ज्या वस्तूंनीं पाणी पिऊन घेतलें आहे त्या धुतल्यानें शुद्ध होत नाहींत: पुठ्ठे, तट्टे, गोणपाट, आणि कागद. पुस्तकांवर पाय लागला तर कपाळाला हात लावणाऱ्या घरांत आम्ही वाढलों. त्या दिवशीं आम्ही पुस्तकें फावड्यानें उचलीत होतों. सुनेनें पहिला गठ्ठा उचलतांना नकळत नमस्कार केला. दुसऱ्याच्या वेळीं तिला वेळ नव्हता. दुपारीं खेड्यांतून आलेले एक पालक दाराशीं उभे राहिले. त्यांनीं फुगलेल्या पुस्तकांकडे पाहून विचारलें, हीं वाळवून निम्म्या किंमतींत द्याल का? त्यांचीं तीन मुलें शाळेंत होतीं. पुतण्याला त्यांतून कांहीं पैसे सुटले असते आणि त्यांचेहि वांचले असते. त्यानें नाहीं म्हटलें, आणि वरच्या फळीवरचीं कोरडीं पुस्तकें उधारीवर दिलीं. तीं वहींत लिहिलेलीं मीं पाहिलीं आहेत.

ते पालक आले तेव्हांची आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. त्यांनीं पायरीवर पाऊल टाकलें आणि चटकन् पदरासारखा उपरण्याचा शेव नाकाला लावला. आम्ही सारे चकित झालों. सकाळपासून आंत वावरत असल्यामुळें आमच्या मतें वास केव्हांच गेला होता. दुसऱ्या धुण्यानंतर तर सुनेनें समाधानानें उदबत्तीहि लावली होती. वास गेलेला नव्हता. आम्हीच त्याला सरावलों होतों. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतींत नाक विषानें बधिर होतें. इतर वासांच्या बाबतींत तें केवळ सवयीनें होतें, आणि त्याला फार वेळहि लागत नाहीं. जो वास सतत येतो त्याची बातमी मेंदूला पुन्हां पुन्हां देण्यांत अर्थ नाहीं, असा निसर्गाचा हिशेब. चामडें कमावणाऱ्याला चामड्याचा, मासळी विकणाऱ्याला मासळीचा वास येत नाहीं. यांत नाकाचा दोष नाहीं. दोष आपला, कीं वास येत नाहीं यावरून घाण नाहीं असें अनुमान आपण काढतों.

आणि समाजाचेंहि एक नाक असतें. मैला वाहणारीं माणसें पिढ्यान् पिढ्या तींच असावीं, या व्यवस्थेची दुर्गंधि आपल्याला येईनाशी झाली ती अशीच, दीर्घ सहवासानें. ज्यांचें नाक शाबूत राहिलें अशीं माणसें अधूनमधून झालीं, म्हणून ती दुर्गंधि आहे हें निदान कळलें तरी. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातांत खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं त्याच गांवाला कीर्तन ऐकवीत. आप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. मैला-सफाईचें काम मलाहि द्या म्हणून त्यांनीं आग्रह धरला. तुरुंगाच्या नियमांत तें काम जातीनें वांटलेलें होतें, म्हणून तें त्यांना नाकारण्यांत आलें. त्यांच्या पाठिंब्यासाठीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत गांधीजींनीं येरवड्यास उपवास आरंभिला. येथून जवळच, वर्धा जिल्ह्यांत, विनोबा १९४६ पासून कांहीं काळ पवनारहून सुरगांवला रोज खांद्यावर फावडें टाकून मैला उचलावयाला जात असत. पावसांत सुद्धां त्यांनीं हा नेम मोडला नाहीं.

या साऱ्यांहून निराळी एक हकीकत होळकरांच्या इंदुरांतील आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत तेथें प्लेगची भीति होती, आणि नगररचनेचे स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडिस हे दरबाराच्या बोलावण्यावरून आले होते. त्यांनीं दिवाळीची मिरवणूक आपल्या हातीं घेतली. मिरवणूक नेहमीच्या मार्गानें न जातां ज्या भागांतील लोक आपलीं घरें आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील तेथून जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. लोकांनीं गाड्याच्या गाड्या केर बाहेर काढला. मिरवणुकींत रावणाच्या बरोबर प्लेगच्या उंदराचीहि प्रतिमा होती, आणि सफाईचें काम करणारे लोक पांढरीं शुभ्र वस्त्रें व फुलांचे हार घालून, रंगविलेल्या बैलांच्या गाड्यांसह मानानें चालत होते. ही कथा वाचली कीं मन प्रसन्न होतें. परंतु त्या आमच्या वडीलधाऱ्या मजुराचें वाक्य ऐकल्यापासून तिच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो: हार सुकल्यावर, दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते लोक कोठें गेले असतील? सत्काराची गरज आहेच. पण ज्याला टाकींत उतरावें लागतें त्याला हारापेक्षां यंत्राची गरज अधिक आहे, आणि यंत्र येईपर्यंत दोन दिवस दुकान बंद ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची त्याहूनहि अधिक.

गाडी तिसऱ्या दिवशीं दुपारीं आली. जाड नळी टाकींत सोडली गेली, यंत्र घरघरलें, आणि ज्या कामासाठीं दोन जीव पणाला लागणार होते तें रस्त्यावर उभें राहून, पान खात, एका माणसानें तासाभरांत उरकलें. शोषखड्ड्यासाठीं मात्र नवी जागा खणावी लागली. भाऊंनीं ती बागेंतल्या चराच्या अनुभवानें दाखवून दिली.

खर्चाचा वाद यानंतर झाला आणि तो मैल्याहून चिवट निघाला. वरच्या मजल्यावरच्यांचें म्हणणें असें कीं, आमच्याकडे पाणी आलें नाहीं. विम्याच्या गृहस्थांनीं तर जोखीम कोणाची आणि हप्ता कोणाचा यावर सोदाहरण विवेचन केलें. दोन संध्याकाळ बैठक चालली. अखेर दंतवैद्यच म्हणाले कीं, पाणी आमच्याकडे आलें नाहीं हें खरें, पण तें आमच्याकडून गेलें आहे. सातजणांचे सात सारखे वांटे ठरले. पुस्तकांचें नुकसान ज्याचें त्यानें सोसावें, असेंहि ठरलें. त्यावर पुतण्या कांहीं बोलला नाहीं.

चेंबराजवळच्या भिंतीवर आतां तेली रंगानें दोन ओळी लिहिल्या आहेत. वरच्या ओळींत टाकी उपसल्याची तारीख आणि खालच्या ओळींत ती पुन्हां उपसावयाची तारीख, दोन वर्षांपुढची. तिच्याखालीं, यंत्रानेंच, असा एक शब्द सुनेनें स्वतःच्या हातानें घातला आहे. त्या तारखेला या सात गाळ्यांत कोणकोण भाडेकरू असतील, हें सांगवत नाहीं. वरच्या वर्गाची जागा आत्तांच बदलावयाची चालली आहे. नवा येईल त्याला वास येणार नाहीं. भिंत तेवढी वाचतां येईल.